एका वेळी एक सरी

शिरूर कासारच्या स्टँडसमोर, रसवंती आणि चपलांच्या दुकानाच्या मधे, एक आठ फुटी गाळा आहे. पाटीवर लिहिलंय ‘चंद्रभागा टीव्ही, मोबाईल व कॉम्प्युटर दुरुस्ती’. चंद्रभागाबाई ही गाळ्याच्या मालकिणीची आई. तीन वर्षांमागं ती गेली. तिनं जन्मात कधी मोबाईल उघडला नव्हता, पण ऊस इतका तोडला की एकापुढं एक मांडला असता तर शिरूरहून सांगलीपर्यंत गेला असता. मालकीण विजयमाला. सगळा तालुका तिला विजूताई म्हणतो. वय चौतीस, तोंड फटकळ, हात शांत. गिऱ्हाइकानं बिघडलेला सेट पुढ्यात ठेवला की ती सेटकडं बघत नाही, गिऱ्हाइकाकडं बघते आणि विचारते, “कवापासून?” निम्म्या लोकांना हा प्रश्न आवडत नाही, कारण खरं उत्तर ‘हौदात पडला तवापासून’ असं असतं.

विजूताईचं शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालं. दसरा झाला की आईबाप टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे आणि पाठोपाठ ती. सहा महिने शाळा, सहा महिने उसाच्या वाळक्या पानांची, पाचटाची कोपी. अकरा वर्षांची असताना टोळीचा एकुलता एक रेडिओ पाण्याच्या पिंपात पडला आणि मुकादमानं तो बांधावर भिरकावला. पोरीनं उचलून आणला, कोपीच्या छपरावर दोन दिवस वाळवला, उघडला, पुसला, जोडला, आणि तो चक्क वाजला! एक स्क्रू शिल्लक राहिला होता, तो तिनं कुणाला न सांगता उसात टाकून दिला. त्या दिवसापासून टोळीतली प्रत्येक बंद पडलेली वस्तू तिच्याकडं यायला लागली. पुढं बीडला सहा महिन्यांचा कोर्स केला, दुकान टाकलं, पण ती म्हणते खरं शिक्षण उसाच्या फडातच झालं.

म्हणते ते खोटं नाही. ऊस तोडणाऱ्याला सरी नेमून दिलेली असते. ती टोकापर्यंत न्यायची, मधेच शेजारच्या सरीत घुसायचं नाही. घुसलं की संध्याकाळी दोन्ही अर्धवट, आणि कोण कुठवर आलं होतं ते कुणालाच सांगता येत नाही. चंद्रभागाबाई लांबून ओरडायची, “सरी सोडू नगस!” विजूताईनं तेच दुकानात आणलं. मशीनमध्ये एका वेळी एकच बदल करायचा आणि काय केलं, काय झालं ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. सरी पहिली, सरी दुसरी. समोरच्या पप्पूला या फळ्याचं भारी हसू येतं. पप्पूचंही दुरुस्तीचंच दुकान, आणि त्याच्याकडं सगळ्या आजारांवर एकच औषध आहे: फॉरमॅट. तो मनानं चांगला आहे, फक्त त्याला थांबायला जमत नाही.

आणखी एक सांगायला हवं. टोळीतली बाकीची पोरं कुणी कोपीत जन्मलेली, कुणी फडात, एक तर ट्रकच्या हौद्यात. विजूताई तेवढी दवाखान्यात. आईनंच शंभरदा सांगितलेलं, “तू मोठ्या दवाखान्यात झालीस, पांढऱ्याशुभ्र चादरीवर.” लहानपणी भांडण झालं की ती ही चादर समोरच्या पोरीच्या तोंडावर फेकायची. आजही कुठल्या फॉर्मवर जन्मस्थळ लिहायचं असलं की तिचं अक्षर जरा ऐटीत येतं.

तर यंदा दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवशी सकाळी साडेदहाला दिपाली दुकानात शिरली ती धापा टाकतच. ही बीडची. ऊसतोड बायकांच्या दुखण्याखुपण्यावर काम करते. काखेत लॅपटॉप, मागं चार बायका, आणि चौघींमधली सगळ्यात पुढची सुंदरबाई, म्हणजे विजूताईची सख्खी चुलती.

“विजूताई, मशीन मरतंय हो! पडद्यावर रेघा येतात, निम्मं चित्र दिसतं निम्मं नाही, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं फटकन बंद. आणि तीनला यांचा ट्रक आहे!”

विजूताईला सगळं माहीत होतं. ऊसतोड बायकांची बाळंतपणं आणि आजारपणं यांवर एक समिती बसली होती. दिपालीनं दोन महिने वस्त्यावस्त्यांवर फिरून चार बायकांचे जबाब आवाजात नोंदवले होते. समितीची बैठक पौषात, तेव्हा या बाया सांगलीकडं फडात असणार. म्हणून निघण्याआधी प्रत्येकीनं आपला आवाज पुन्हा ऐकायचा आणि ‘हे माझंच बोलणं’ म्हणून कागदावर अंगठा उठवायचा, असं ठरलं होतं. ट्रक गेला की अंगठे गेले. अंगठा नसलेला आवाज समिती ऐकणारच नव्हती.

“बीडला दुसरी नक्कल आहे,” दिपाली म्हणाली, “पण ती आणून नव्या मशीनवर चालू करेपर्यंत उद्या उजाडेल.”

साध्या लॅपटॉपवर आवाज ठेवले असते तर एवढी पंचाईत झाली नसती. पण बायांनी मुकादमांची नावं घेतली होती. बाहेर फुटलं असतं तर पुढच्या वर्षी टोळीत जागा नाही. म्हणून दिपालीनं एक वेगळीच सिस्टीम टाकून घेतली होती, सुरक्षिततेसाठीच बनवलेली. तिच्यात एका मशीनच्या पोटात अनेक बंद खोल्या असतात. एका खोलीत चोर शिरला तरी दुसरीत जाऊ शकत नाही. प्रत्येक खोलीच्या खिडकीला वेगळ्या रंगाची चौकट, म्हणजे आपण कुठं बसलोय याचा विसर पडायला नको. चार बायकांच्या चार खोल्या होत्या: लाल, हिरवी, पिवळी, निळी. आणि पडद्यावर चित्र काढायचं काम ज्या मुख्य खोलीकडं, तिला इंटरनेटच दिलेलं नसतं. नेटवरून काही उचलून चिकटवायची सोय नाही. मोबाईलवर वाचायचं आणि हातानं एकेक अक्षर टाईप करायचं. विजूताईनं ही सिस्टीम पहिल्यांदा बघितली तेव्हा ती तिच्या प्रेमातच पडली होती.

पप्पू रस्ता ओलांडून आलाच. “ताई, ही सिस्टीमच इचित्र हाय. फॉरमॅट मारा, साधी टाका, अर्ध्या घंट्यात मोकळं.”

“आन आवाज?”

“आवाज काय, परत भरता येतील की.”

सुंदरबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प स्टुलावर जाऊन बसला.

“कवापासून?” विजूताईनं विचारलं.

“दसऱ्यापासून. त्या दिवशी दुपारी मी अपडेट दिलं होतं. संध्याकाळी पहिली रेघ आली.”

विजूताईनं फळा पुसला. सरी पहिली. पेनड्राइव्हवरून एक साधी सिस्टीम चालू केली, मूळ सिस्टीमला हातही न लावता. दहा मिनिटं झाली, पडदा स्वच्छ. पप्पू उठलाच, “बघा! काच चांगली, चिप चांगली. दोष सिस्टीमचाच!”  विजूताईनं फळ्यावर लिहिलं: साध्या सिस्टीमवर ठीक, दहा मिनिटं.

सरी दुसरी. खोल्यांची सिस्टीम चालू केली. दिपालीनं पासवर्ड घातला तेव्हा विजूताईनं पाठ फिरवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पडद्यावर लगेच थैमान सुरू झालं. रेघा थरथरायला लागल्या, माऊसचा बाण फिरवला की मागं त्याच्याच दहा सावल्या, एका खिडकीचा हिरवा रंग दुसरीत सांडलेला. विजूताई पुढं झुकली. तिनं लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीननं आपली आपण लिहिलेली रोजनिशी. तिच्यात चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरची तक्रार ओळीनं पडली होती, आणि पहिली तक्रार दसऱ्याच्या दुपारची, अपडेटनंतरची.

“सापडलं बया!” विजूताई ओरडली. “नवा कर्नल आलाय, त्याचं आन ह्या चिपचं जमंना.” कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा. सिस्टीम शहाणी, नवा आला तरी जुना फेकत नाही. विजूताईनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला.

पडदा उजळला. एक रेघ नाही! बाण मोकळा फिरतोय, चौकटी आपापल्या रंगात. बायकांनी टाळ्या वाजवल्या, दिपालीनं विजूताईचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. विजूताईलाही लहानपणीचा रेडिओ वाजला होता तसा आनंद झाला. घड्याळात बारा वाजले होते. तीन तास हातात. लाल खोली उघडली, पहिली बाई कानात इअरफोन घालून बसली, आणि आठव्या मिनिटाला मशीन फटकन बंद पडलं.

 सगळ्या उत्साहावर पाणी पडलं होतं. पप्पू हळूच म्हणाला, “मी म्हन्लं न्हवतं?” दिपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, बाहेर स्टँडवर ट्रकमध्ये भांडी चढवल्याचा आवाज यायला लागला होता.

 विजूताईचे हात शिवशिवत होते, की ड्रायव्हर बदल, मेमरी काढ, सगळं एकदम करून बघ. पण मग तिनं डोळे मिटले आणि लांबून कुणीतरी ओरडल्यासारखं झालं. तिनं खडू उचलला. सरी दुसरी: रेघा गेल्या. बंद पडणं राहिलं.

“मॅडम, रडू नका,” ती म्हणाली. “आपुन एक समजत व्हतो, हे दोन आजार हायेत. एक बरा झालाय.”

सरी तिसरी. पुन्हा रोजनिशी. विजूताईनं शेवटची ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. तक्रारच नव्हती. मशीन नेहमीसारखं लिहीत होतं आणि मधेच लिहिणं थांबलेलं. ड्रायव्हर चुकला तर ओरडतो, फाईल खराब झाली तर ओरडते. जे न ओरडता पडतं त्याला कशानं पाडलं? विजूताईनं लॅपटॉप उलटा केला आणि पोटावर तळहात ठेवला. मग चटकन उचलला.

“ताप हाय!” ती म्हणाली. “ह्याला लई ताप हाय!”

तिच्या डोक्यात एकदम सगळं जुळायला लागलं, आणि ती मोठ्यानंच बोलत सुटली. साधी सिस्टीम म्हणजे एकट्याचा संसार, मशीनला झेपतो. खोल्यांची सिस्टीम एका वेळी चार-पाच संसार चालवते, सगळं बळ लागतं, गरमी होते. पंखा धड असला तर झेपेल. पेनड्राइव्हवर दहा मिनिटं ठीक चाललं कारण मशीन तेव्हा बसूनच होतं! पप्पू स्टुलावरून उठून उभा राहिला. त्यालाही आता राहवत नव्हतं. “उघडा की मग, ताई, बघत काय ऱ्हायल्या!”

दहा बारके स्क्रू. पप्पूनं बशी धरली, विजूताईनं एकेक काढून तिच्यात टाकला. खालचं झाकण निघालं. विजूताईनं बॅटरीचा उजेड आत पाडला आणि तिचा चेहरा उतरला.

पंखा लाल होता. पात्यांच्या टोकांना पिवळी कड. आणि पंख्यासमोरच्या बारीक जाळीत, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथं झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांचा लगदा बसला होता.

खंडेनवमी! खंडेनवमीला लोहार ऐरणीची पूजा करतो, शेतकरी नांगराची, ऊसतोड्या कोयत्याची. विजूताई दुरुस्तीला आलेली सगळी मशीनं ओळीनं मांडून पूजा करते, प्रत्येकाला हळद, कुंकू, फूल. यंदा दिपालीचा लॅपटॉप त्याच सकाळी चार्जिंगचं भोक ढिलं झालं म्हणून आला होता. झाकण काढून उलटा ठेवला होता, ओळीत पहिला. आणि विजूताईला नीट आठवलं, की हे मशीन आपल्या बायकांचं, म्हणून तिनं त्याच्यावर चिमटीऐवजी मूठभर वाहिलं होतं. मग घाईत ब्लोअर मारला, वरवर स्वच्छ दिसलं, झाकण लावलं. ब्लोअरनं सगळं जाळीत नेऊन ठासलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानात कुणी तिच्याकडं बघत नव्हतं. सगळे मशीनकडंच बघत होते. अपडेटवर ढकलता आलं असतं, बीडच्या धुळीवर ढकलता आलं असतं, पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. विजूताईनं उजेड पंख्यावर धरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

“हे बघा. हे माझं काम हाय. पूजा मी केली, झाकण मी लावलं. आठ दिस तुमाला तरास झाला तो माझ्यापायी.”

पप्पू हसला, “म्हंजी देवीचाच कोप झाला म्हणा की!”

“देवीचा न्हाई, माझा,” विजूताई म्हणाली. “ब्रश दे तो.”

मग जी धांदल उडाली ती बघायला हवी होती. पप्पूनं आपल्या दुकानातून चिपवर लावायची पेस्ट आणली, एक पैसाही न मागता. दिपालीनं उजेड धरला. विजूताईनं पंखा सोडवला, जाळीचं एकेक पान ब्रशनं आणि टाचणीनं मोकळं केलं. कुंकू निघता निघेना, तिच्या बोटांची टोकं लाल झाली. पेस्ट लावली, झाकण बसवलं, बशीतले स्क्रू मोजले. दहाच्या दहा बसले, एकही उरला नाही. घड्याळात पावणेदोन.

“आता चारी खोल्या एकदम उघडा, मॅडम,” विजूताई म्हणाली. “पडायचं असंल तर आत्ताच पडू द्या.”

लाल, हिरवी, पिवळी, निळी. चार चौकटी पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पंख्याचा आवाज चढला. पाच मिनिटं. आठ मिनिटं. आठव्याला पप्पूनं श्वास धरला तो सोडेचना. दहा. पंधरा. विजूताईचा तळहात सारखा मशीनच्या पोटाशी. कोमट, बस, कोमटच. वीस मिनिटं झाली आणि सुंदरबाई म्हणाली, “पुरं झालं बये, अंडं उबवतीस का काय!” आणि सगळे इतके हसले की रसवंतीवाला डोकावून गेला.

पहिल्या बाईनं ऐकलं, अंगठा उठवला. दुसरीनं, तिसरीनं. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा सुंदरबाईची निळी खोली चालू होती. ती इअरफोन कानात घालून खाली बघत ऐकत होती. निम्म्यात तिनं हात वर केला.

“थांबव गं पोरी.” मग विजूताईकडं बघितलं. “विजे, हिकडं ये.”

“काकू, तुमचं हाय ते. मी ऐकायचं न्हाई.”

“तू तुझी चूक चारचौघांत सांगून मोकळी झालीस. मग मी कावून लपवू? तुझ्या आयनं मला आन घातलती, तवा इतके दिस गप ऱ्हायले. धर.” आणि तिनं एका कानातला इअरफोन काढून विजूताईच्या हातात ठेवला.

दिपालीनं थोडं मागं नेऊन पुन्हा लावलं. सुंदरबाईचा आवाज विजूताईच्या कानात बोलायला लागला. “माझी जाऊ, चंद्रभागा. नववा लागलेला. मोळी बांधता बांधता खाली बसली. दवाखाना कुठला, मुकादम म्हन्ला गाडी भरल्याबिगर जाता येनार न्हाई. मी पाचट सारलं, साखरेचं एक धुतलेलं पोतं व्हतं पांढरं, ते आंथरलं. पोरगी झाली. कोयता उकळून नाळ मीच कापली. तिसऱ्या दिवशी चंद्रभागा परत सरीत हुभी. तवा तिची कंबर गेली ती मरस्तोवर. कुनाला बोलली न्हाई.”

विजूताई पप्पूच्या स्टुलावर बसली. चौतीस वर्षं मिरवलेली चादर. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी आईचा असा काही अभिमान वाटत होता की उठून कुणाला तरी मिठी मारावी. आई कमरेवर हात दाबून चालायची, आणि ती विचारायची तेव्हा म्हणायची, वय झालं. वय कुठलं, तेव्हा ती तिशीचीही नव्हती. पांढरं तेवढं मात्र खरं होतं.

“म्हनायची, पोरीला कुनी फडातली म्हनून हिनवू नये,” सुंदरबाई म्हणाली. तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबून धरला, जरा जास्तच वेळ. मग लाल झालेली विजूताईची बोटं आपल्या निळ्या अंगठ्यानं एकदा दाबली आणि ट्रककडं पळाली. ट्रक हलला तेव्हा चौघी हौद्यातून हात हलवत होत्या. दिपालीनं चारही कागद छातीशी धरले होते.

पप्पू फळ्यापाशी उभा होता. आज पहिल्यांदा तो त्याला हसला नाही. दिपाली लॅपटॉप बंद करायला वाकली.

“बंद करू नका, मॅडम,” विजूताई म्हणाली. “पाचवी खोली उघडता येती का?”

“येते की. कुणासाठी?”

विजूताईनं डोळे पुसले, गालावर कुंकवाचा फराटा उठला. ती मशीनसमोर ताठ बसली. पंखा एकसारखा फिरत होता. दिपालीनं खोली उघडली, नारिंगी चौकटीची, आणि नोंद सुरू केली.

“नाव?”

“विजयमाला. आईचं नाव चंद्रभागा.”

“जन्म कुठला?”

फॉर्मवर अक्षर यायचं त्याच ऐटीत विजूताई बोलली, “उसाच्या फडात. पांढऱ्या पोत्यावर.”